दोन बेंदरांचा पट्टा

ज्योतिबानं प्लास्टिकची पिशवी उलटी केली, तसा पट्टा धप्पदिशी अंगणात पडला. घुंगरं वाजली, पण दबकी, घशात काहीतरी अडकल्यागत. सगळ्या कातड्यावर हिरवट-पांढरा बुरा चढलेला.

"अण्णा, ह्यो पट्टा हाय का शिळी भाकरी?"

मारुतीराव, थोरला भाऊ, कट्ट्यावर बसून पाणी पीत व्हता. आपल्या गावासनं, मच्छ्यासनं, बस बदलत आत्ताच आलता.

"तेल लावूनच ठेवलतो की. खोबरेल. चांगलं मुरंस्तवर."

"त्येनंच झालंय. तेल पाजलास आनी तोंड बांधून ठेवलास. लोणचं घातलास व्हय?"

पट्टा वडलांचा. बैलाच्या गळ्यातला, रुंद कातड्याचा, पितळी घुंगरांचा. भावाभावांत जमीन वाटली, भांडी वाटली, पट्टा वाटायची गरजच पडली न्हाय. बैलांचा सणच दोन्हीकडं येगळ्या महिन्यात. मच्छ्यात कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठातलं. निपाणीजवळ ज्योतिबाच्या गावात आषाढातलं. आधी थोरल्याच्या बैलाच्या गळ्यात, महिन्यानं धाकट्याच्या. मग वर्षभर परत थोरल्याकडं. म्हातारा एवढंच सांगून गेलता, की ज्याच्या दावणीला बैल न्हाय त्यानं पट्ट्यावर हक्क सांगायचा न्हाय.

बेंदूर चार दिवसांवर आलतं. ज्योतिबानं पट्टा उचलून गोठ्याच्या पल्याड नेला, नाकाला टॉवेल बांधला, आनी बायकोला, अक्काताईला, हाक मारली.

"भांडी घासायचा जुना ब्रश दे गं. आनी दार लाव, बुरा पिठात जाईल."

कोरड्या ब्रशानं घासाय लागला तसा बुरा धुरागत उडाला. मारुतीराव मागनं आला आनी चाऱ्याच्या गंजीला टेकून बसला.

"यंदापासनं पट्टा हितंच ऱ्हाईल," ज्योतिबा म्हणाला. "तुझ्याच्यानं निगा हुईना."

"थोरल्या घरात हाय, ऱ्हाऊ दे की रं."

"थोरल्या घरात कुजाय लागलाय. बेंदराला पळाला न्हवं तुझा बैल?"

"पळाला की. लई पळाला."

"मग घाम तरी पुसायचा. घामाचा पट्टा कोण बांधून ठेवतंय?"

"चुकलं माझं."

ज्योतिबानं मान वर केली. अण्णा असा पटकन मानणारा माणूस न्हवं. बांधाच्या एका दगडावरनं दोन वर्षं बोलला न्हवता.

त्यानं पट्टा उलटा केला. आतली बाजू लई चिकट झालती. फडकं स्पिरिटात बुडवून, पिळून, हळूच पुसाय लागला. दरसाल पट्टा आला की पहिलं काम एकच असायचं. अण्णाच्या पांढऱ्या बैलाचे केस आतल्या शिवणीत अडकलेले असायचे, ते येचायचे. आज बुऱ्याखालनं केस निघाले, पण तांबडे. म्हंजे ज्योतिबाच्याच बैलाचे, गेल्या आषाढातले. त्यानं बकलाजवळची शिवण नखानं उचकटून बघितली. पांढरा केस एक पण न्हाय.

ज्येष्ठात ह्यो पट्टा कुठल्याच गळ्यात गेला न्हवता. दावणीला बैल असता, तर अण्णानं बांधल्याबिगर ठेवला नसता.

मारुतीराव रस्त्याकडं बघत व्हता. रस्त्यावर काय न्हवतं.

ज्योतिबानं फडक्याची घडी बदलली आनी सगळे तांबडे केस पुसून काढले. शिवणीतले काडीनं काढले. फडकं नाल्यात टाकून दुसरं घेतलं.

अक्काताई च्या घेऊन आली.

"भावजी, यंदा बैलाचा फोटू न्हाय धाडलासा? दरसाल धाडता. शिंगं कंच्या रंगानं रंगवलीसा?"

मारुतीरावानं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला न्हाय.

"पाऊस व्हता तिकडं," ज्योतिबा म्हणाला. "पावसात कसला फोटू. तू दूध तापाय ठेवलतीस न्हवं?"

"अगं बया," म्हणत ती पळाली.

ज्योतिबा परत पट्ट्यावर फडकं फिरवाय लागला.

"उन्हात टाकूया का जरा?" मारुतीरावानं इचारलं.

"उन्हात तडकतंय. सावलीत, वाऱ्याला. बेंदरापतोर वाळंल. वाळल्यावर मेणाचं बोट, तेल न्हाय."

"मग मी निघतो. बेंदूर झालं की येतो न्यायला..." तो मधीच थांबला. "न्हायतर ठेव हितंच. तू म्हनलास तसं."

"ते रागात म्हनलो."

"खरंच ठेव रं."

"घरी ने, फडक्यात गुंडाळून खुंटीला टांग. म्हैन्यातनं एकदा उघडायचा. तुला आठवण ऱ्हायची न्हाय, मीच येईन तिकडं उघडायला." ज्योतिबानं घुंगराच्या कडीत बोट घालून आतला बुरा काढला. "आनी आत्ता कुठं निघालास? बेंदराला थांब. पट्टा तूच बांध. माझ्या बैलाला माझा हात नकोसा झालाय."

"मला त्यो वळखत पण न्हाय."

"चार दिवस वैरण घाल. वळखंल."

मारुतीरावानं गार झालेला च्या एका घोटात संपवला. मग गंजीजवळनं उठला, धोतर आवरून ज्योतिबाच्या समोर उकिडवा बसला.

"कंचं फडकं घेऊ?"

"ते कोरडं," ज्योतिबा म्हणाला आनी पट्ट्याचं एक टोक त्याच्याकडं सरकवलं.