क्लॅरिनेटच्या पेटीतलं पाकीट

मुलांनो, समजा तुमच्या मांडीवर एक काळी, लांबट पेटी आहे. आत लाल मखमल आणि तिच्या खोबणींत क्लॅरिनेटचे तुकडे नीट निजलेले. आता समजा, त्या मखमलीखाली तुम्ही एक पाकीट सारून ठेवलंय, आणि ते तुमचं नाही. पेटी जड झाली का? तराजू म्हणेल, नाही. टेसाला मात्र नऊ दिवस ती पेटी उचलवत नव्हती.

टेसा अकरा वर्षांची होती. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात ती आणि तिची आई, कॅरलिन, दोघीच राहत. आई म्हाताऱ्या माणसांच्या निवासात मदतनीस होती. कुणाला आंघोळ घालायची, कुणाला कुशीवर वळवायचं, कुणाला चार घास भरवायचे. चौदा वर्षं हे केल्यावर तिने ठरवलं, आता नर्स व्हायचं. तिने दोन ठिकाणी अर्ज केले. एक डोंगरावरचं हॉलिस कॉलेज. विटांच्या इमारती, पुढे हिरवळ, आणि हमरस्त्यावर पांढऱ्या कोटातल्या मुलींचा भलामोठा फलक. दुसरं काउंटी कॉलेज, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी. त्याचा नर्सिंगचा वर्ग टायरच्या दुकानाशेजारी, एका बंद पडलेल्या किराणा बाजाराच्या इमारतीत भरायचा. जागा चोवीसच.

एके दिवशी शाळेच्या बसमध्ये ब्रिट मागे वळून म्हणाली, "काय गं, तुझी आई तेरावीत बसणार म्हणे?"

काउंटी कॉलेजला तिथली मुलं तेरावी म्हणत. बारावीनंतर ज्याला कुठेच जाता येत नाही, तो तिथे जातो, असा त्याचा अर्थ.

"माझा मामा सांगतो, तिथे अजून कांद्याचा वास येतो," ब्रिट म्हणाली. "सुई टोचायला शिकवतात की बटाटे सोलायला?"

सगळी बस हसली. टेसाचे कान तापले. "ती हॉलिसला जाणार आहे," ती म्हणाली. "ठरलंय आमचं."

काहीच ठरलं नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी काउंटी कॉलेजचं पत्र आलं. रस्त्याकडेच्या टपालपेटीतून पत्रं काढणं हे टेसाचं काम. तिने तिथेच उभ्याउभ्या पाकीट फोडलं. आईला जागा मिळाली होती. पुढच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत येऊन ती नक्की करायची, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

टेसाने पत्राची घडी घातली आणि मखमल उचलली.

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी विचारायची, "आलं का गं काही?"

"जाहिराती," टेसा सांगायची. पहिल्यांदा तिने नजर चुकवली. चौथ्यांदा नाही चुकवली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी निवासात गेली. खेळायच्या खोलीत आई हॉलिसच्या कर्जाचे कागद पसरून बसली होती; तिथे जागा आधीच मिळाली होती, पण फी कर्ज काढूनच भरता येणार होती. समोर दोन नर्स होत्या, मिस वर्ना आणि ब्रुक. मिस वर्ना पंचेचाळिशीची, काउंटी कॉलेजात शिकलेली. ब्रुक सव्वीसची, हॉलिसची. दोघी एकाच वर्षी नर्स झाल्या होत्या.

"सही करायच्या आधी दोन मिनिटं दे मला," ब्रुक म्हणाली. तिने शेजारी खेळत बसलेल्या, निवासातल्या एस्टिलआजोबांसमोरच्या बिंगोच्या सोंगट्या ओढून घेतल्या.

"माझ्या आहेत त्या," आजोबा म्हणाले.

"परत देते, आजोबा. तसेही तुम्ही हरतच होता." तिने चाळीस-चाळीसचे दोन ढीग केले. "एक सोंगटी म्हणजे शंभर डॉलर. हा माझा महिन्याचा पगार, हा मिस वर्नाचा. बघ, सारखेच. परीक्षा एकच, परवाना एकच, बिल्ल्यावर नावापुढची नर्सची अक्षरंही तीच. कुठे शिकलो ते कुणी छापत नाही."

मग तिने स्वतःच्या ढिगातून सात सोंगट्या काढून आजोबांपुढे ठेवल्या. "हे कर्जाचे. दर महिन्याला, दहा वर्षं. म्हणून मी शनिवार-रविवार दुसऱ्या निवासात राबते."

"माझ्या ढिगातून काही जात नाही," मिस वर्ना म्हणाली. "दोन वर्षांचं शिक्षण सरकारी मदतीत भागलं. पण खरं तेही सांगते, शहरातली मोठी हॉस्पिटलं चार वर्षांची पदवी मागतात. ती मी आता नोकरी करता करता घेतेय."

"कॉलेज वाईट नाही माझं," ब्रुक म्हणाली. "फक्त मी तेव्हा फलकावरचा कोट बघितला, ढीग नाही बघितला."

कॅरलिन सोंगट्यांकडे बघत राहिली. "कळतंय गं मला सगळं. पण काउंटी कॉलेजने मला घेतलंय कुठे? नाही म्हणायलासुद्धा पत्र नाही घातलं. पस्तिशीची बाई, कच्चं गणित. माझा अर्ज बघून हसले असतील." तिने मान खाली घातली. "अर्ज केला हे चार लोकांत सांगायलाच नको होतं."

टेसाला बसमधलं हसू आठवलं. तिथे तिचे कान तापले होते ते घटकाभर. आई नऊ दिवस खाली मान घालून वावरत होती, आणि हसलं तर कुणीच नव्हतं.

आईने पेन उचललं. टेसाने पेटी टेबलावर ठेवली, कडी उघडली, मखमल उचलली आणि पाकीट कर्जाच्या कागदांवर ठेवलं.

आईने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पाकिटावरची तारीख बघितली.

"नऊ दिवस?"

"हो."

"का?"

"मला त्या इमारतीची लाज वाटली," टेसा म्हणाली.

आईने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ती म्हणाली, "उद्या तीनला निघायचं. तू येणार आहेस. खिडकीवरच्या बाई उशीर का झाला विचारतील. ते मी नाही सांगणार."

शुक्रवारी साडेतीनला दोघी त्या जुन्या बाजारात उभ्या होत्या. कांद्याचा वास नव्हता, ताज्या रंगाचा होता. मागे रांगेत सात-आठ माणसं. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तेवीस जणं पहिल्या आठवड्यातच येऊन गेली. तुमची जागा आम्ही पुढच्या नावाला द्यायच्याच बेतात होतो. एवढा उशीर?"

आई भिंतीकडे बघत राहिली.

टेसाने पेटी खाली ठेवली, खिडकीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि मागच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पत्र मी लपवलं होतं. माझी आई इथे शिकणार याची मला लाज वाटत होती."