भिंतीखालचं पाणी

सलग सूर लागला तेव्हा छोटीला आधी उपकरणाचाच संशय आला.

पेट्रोल पंपाची जमिनीतली जुनी टाकी गळल्यापासून पंपाभोवती पाइप उतरवून निरीक्षणासाठी अरुंद विहिरी केल्या होत्या. खोली मोजायच्या टेपच्या टोकाचा सेन्सर पाइपात सोडायचा. पाण्याला टेकला की टिकटिक, तेलाला टेकला की न तुटणारा एकच सूर. फेरी नेहमी सगळ्यात स्वच्छ विहिरीपासून सुरू करायची, म्हणजे एकीची घाण दुसरीत जात नाही. कोपऱ्यातली ही विहीर सगळ्यात स्वच्छ. इथे सूर लागायचं कारणच नव्हतं.

तिनं सेन्सर पुसला, बादलीतल्या चांगल्या पाण्यात बुडवला. टिकटिक. पुन्हा पाइपात सोडला. पुन्हा तोच सूर, अन् बोटभर खाली गेल्यावर टिकटिक. म्हणजे पाण्यावर बोटभर पेट्रोल. उपकरण ठणठणीत होतं.

तिनं मान वर केली. समोर कुंपणाची भिंत, अन् भिंतीपलीकडे भावोजींची विहीर.

छोटी आता चाळिशी ओलांडलेली. प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी ऑफिसात तिला मॅडम म्हणत. भिंतीपलीकडच्या घरात मात्र ती अजून छोटीच होती. आई गेल्यावर ती कपड्यांची पिशवी घेऊन ताईकडे आली, ती तिथेच वाढली. भावोजी तेव्हा बस डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. सुट्टीच्या दिवशी मित्रांना हाताशी धरून त्यांनी ती विहीर खणली होती. फाटकाबाहेर गल्लीसाठी एक नळ काढून दिला होता. त्याला कुलूप कधी लागलं नाही.

तिनं ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"नमुना प्रयोगशाळेत जाऊ दे," साहेब म्हणाले. "अहवाल आला की रीतसर कळवू."

"रीतसर तुम्ही कळवा. मी आत्ता तोंडी सांगते. लोक पितात हो ते पाणी."

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

ओसरीवर ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. भावोजी सायकलची चेन साफ करत होते. छोटीनं झालं ते सरळ सांगून टाकलं. भावोजी हसले.

"अगं, ते भिंतीच्या पलीकडे."

"भिंत वर आहे, भावोजी. खाली कुठली भिंत?"

"या घरात वाढलीस, हेच पाणी पिऊन मोठी झालीस, आणि आज ऑफिसची होऊन आलीस होय?"

"घरची आहे म्हणून चपला काढून आत आले. ऑफिसची असते तर नोटीस आली असती."

ताईला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"चल," भावोजी उठले. "सोड तुझी टेप माझ्या विहिरीत. होऊन जाऊ दे."

छोटीनं टेप अन् सेन्सर धुतला, हातमोजे बदलले आणि कठड्यावरून टेप सोडली. टिकटिक. दुसऱ्यांदा सोडली. टिकटिकच.

"बघ!" भावोजींनी मांडीवर थाप मारली.

"तेलाचा थर नाही, एवढंच कळलं. पाण्यात विरघळलेलं याला कळत नाही." तिनं दोरीला बांधलेली पारदर्शक नळी खाली सोडली आणि भरून वर काढली. पाणी काचेसारखं नितळ होतं. तिनं नळी त्यांच्यासमोर धरली. "तुम्हाला कळेल."

त्यांनी वास घेतला. नळी दूर केली, पुन्हा जवळ आणली. मग तिथेच कठड्यावर टेकले.

"पेट्रोल," ते हळूच म्हणाले. "महिनाभर येतोय हा वास. मला वाटलं, माझ्याच हातांचा."

"मीच म्हणायचे ना," ताई म्हणाली, "डेपो सुटला तरी हातांचा वास काही सुटत नाही तुमचा."

भावोजींनी विचारलं, "इतकी वर्षं नाही, अन् आत्ताच कसं आलं?"

छोटी थोडी घुटमळली, पण त्यांच्याशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "गल्ली वाढली. मोटर दिवसभर चालते. पाणी ओढलं की त्याच्यामागून तेही ओढलं जातं."

"म्हणजे मीच ओढून आणलं."

"तुम्ही पाणी ओढलंत, भावोजी. पेट्रोल त्यांच्या टाकीतून आलं. त्याचं उत्तर त्यांनी द्यायचं, आणि ते मी वाजवून घेईन. तुम्ही फक्त मोटर बंद करा."

ते उठले. भिंतीवरच्या पेटीतलं बटण त्यांनी स्वतःच खाली केलं. ताईला म्हणाले, "माठ ओतून टाक."

संध्याकाळपर्यंत साहेबांनी टँकरची सोय लावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच छोटी राहिलेले नमुने घ्यायला आली. नळाला पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. भावोजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. हंडा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत, हात जोडत आणि म्हणत, "आजपासून आपलं पाणी प्यायचं नाही. टँकर वळणावर उभा आहे." कुणी का म्हणून विचारलं तर न चिडता सगळं पहिल्यापासून सांगत.

एक म्हातारी तेवढं ऐकूनही तिथेच उभी राहिली. भावोजींनी तिचा रिकामा हंडा आपल्या खांद्यावर घेतला आणि ते तिच्या चालीनं वळणाकडे निघाले.