बुर्गीच्या पत्रावर बसलेला दगड

मित्रांनो, उत्तर न दिलेल्या एका पत्रावर मी बरेच दिवस बसून होतो. पत्र वाऱ्याने उडू नये म्हणून मला त्याच्यावर ठेवले होते.

मी एक जुना, करडा, साबणाच्या वडीएवढा धारेचा दगड आहे. निदान मी तसे समजतो. रबरात कुरुंदाची पूड कालवून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून मला घडवले. त्यामुळे आपण दगड की खोडरबर, ही शंका मला जन्मापासून आहे. दुकानात माझ्या शेजारी हिऱ्याच्या भुकटीची एक पातळ पट्टी होती. तिला असल्या शंका कधी आल्या नाहीत.

विगिल आजोबांनी आम्हा दोघांना घरी आणले. टिरोलच्या डोंगरात ते थोरल्या बहिणीबरोबर, क्रेसेंझ आजींबरोबर राहत. हिवाळ्यात स्कीवरून घसरून आले की आजोबा आधी स्कीच्या तळाच्या कडा कोरड्या पुसत. खड्यावर आपटून पोलादी कड जिथे टणक झाली असेल, तिथे ओली पट्टी फिरवत. मग माझी पाळी. पट्टीच्या मागे तारेसारखा बारीक कंगोरा राहतो, तो मी काढून टाकत असे. शेवटी ते मला स्कीच्या दोन्ही टोकांवर हलकेच फिरवत. का, ते मला ठाऊक नव्हते आणि विचारण्याचा माझा स्वभाव नाही. "माझा करडा," असे ते म्हणत. तेवढे कौतुक मला पुरत असे.

ते पत्र पलीकडच्या खोऱ्यातल्या बुर्गी आजींचे होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या मेणबत्त्यांच्या सणाला खिंडीतून आजोबांनी आणि त्यांनी मिळून घसरत उतरायचे आणि खालच्या खाणावळीत रश्शातले पावाचे गोळे खायचे, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम होता. बुर्गी आजींनी लिहिले होते, "विगिल, गेल्या वर्षी माझी स्की कडक बर्फावर धरतच नव्हती. दुकानात दगडांचा हा ढीग. कोणता घेऊ? सणाच्या आत कळव, नाहीतर स्की विकते आणि विणत बसते."

आजोबांना घाम फुटला. भलताच दगड सुचवला आणि बुर्गी पडली तर? त्यांनी पुस्तके काढली. मग खात्री करून घ्यायला नवे दगड आणले. पांढरे, तपकिरी, भरड, गुळगुळीत. जेवायच्या टेबलावर ताटाला जागा उरली नाही.

"विगिल, तिनं एक दगड विचारलाय," क्रेसेंझ आजी म्हणाल्या. "तू काय किल्ला बांधतोयस?"

"अगं ताई, घाईनं लिहिलं आणि चुकलं तर?"

"तर ती तुला शिव्या देईल. आत्ता तेवढंही देत नाहीये बिचारी!"

नव्या दगडांच्या गर्दीत मला कोण विचारतो? पत्रावर एक भारदस्त पांढरा दगड बसला आणि क्रेसेंझ आजींनी मला उचलून करपलेल्या कढईवर घासले. कढई लख्ख झाली, हे मी नाकारत नाही. पण रात्रंदिवस भांड्यांच्या टोपलीत ओले पडून राहणे, शेजारी चमचे कुजबुजताहेत, हे काही जगणे नव्हे.

इकडे आजोबांनी ठरवले की फक्त हिऱ्याच्या पट्टीने अख्खी कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वस्तऱ्यासारखी करून पाहायची. ती चाचणी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली. घरामागच्या उतारावर आजोबांनी डावीकडे वळायचे मनात आणले. स्कीच्या मनात उजवीकडे होते. टोक बर्फात रुतले आणि आजोबा थेट शेजारच्या कासियानच्या वाफाळत्या उकिरड्यात गेले.

कासियान फावडे घेऊन धावत आला. "विगिल, आत काही हरवलंय का?"

"चाचणी चालू होती," आजोबा आतून म्हणाले.

"पार पडली म्हणायची." त्याने त्यांना काखेत धरून ओढले. "काल पलीकडे गेलो होतो. बुर्गीनं स्की दाराशी उभ्या केल्यात. रविवारी गिऱ्हाईक यायचंय म्हणे. रडत नव्हती, पण कुत्र्यावर फार ओरडत होती."

आजोबा तसेच, शेणासकट, उभे राहिले. त्यांनी स्कीच्या टोकावरून अंगठा फिरवला, तो चिरला तसा चटकन तोंडात घातला. मग तोंडात काय गेले ते कळून थुंकले.

"ताई! माझा करडा कुठाय?"

"कढईत. आणि तू आत येऊ नकोस, खबरदार!"

खिडकीतूनच मी त्यांच्या हातात पडलो. त्यांनी मला दोन्ही टोकांवर फिरवले. अतिधार गेली. पुन्हा उतारावर गेले, तर स्की गाईसारखी गरीब झालेली. मित्रांनो, माझे काम धार बोथट करण्याचेही आहे, हे मला तेव्हा कळले. आधी कळले असते, तर इतकी वर्षे मी त्याची लाज बाळगत आलो असतो. बरे झाले, ठाऊक नव्हते.

अंघोळ करून आजोबा लिहायला बसले. चार ओळी लिहीत, फाडत. पोस्टाची गाडी यायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी हिऱ्याची पट्टी घेतली, मला घेतले, दोघांना कोरडे पुसले आणि चिठ्ठीसकट खोक्यात घातले.

"अरे, मग तुझ्याकडे कामाचं काय राहिलं?" क्रेसेंझ आजींनी विचारले.

"तिच्याकडे जाऊन वापरीन."

चिठ्ठी माझ्या पोटाशीच आहे. "बुर्गी, खड्यानं कड टणक झाली असेल तिथे पट्टी, पाणी लावून. मग करडा. टोकांवर फक्त करडा. बहुतेक बरोबर आहे. विकू नकोस. शनिवारी येतो."

मित्रांनो, दगडाला कोरडे ठेवा, भांड्यांत टाकू नका. आणि कुणी काही विचारले, तर सगळे कळेपर्यंत थांबू नका. बहुतेक एवढे पुरते.

आता पोस्टाच्या पेटीचे झाकण खटकन पडले आहे. आत अंधार आहे, पट्टी नेहमीसारखी निश्चिंत आहे. बाहेरून आवाज येतो आहे:

"ताई, तिकीट लावलं होतं ना मी?"

"मी लावलंय. चल घरी."