घड्याळं सांभाळणारा डबा

घड्याळवाले आजोबा चाळीस वर्षं घरीच लोकांची घड्याळं दुरुस्त करत आले होते, आणि एवढ्या वर्षांत एकही हरवलं नव्हतं. आज सगळे बाळाला घेऊन दवाखान्यात गेले, तेवढ्यात चोरांनी भर दुपारी आजोबांचा घड्याळांचा खण साफ केला. बिनतारी अलार्मनं चकार शब्द काढला नाही.

अलार्म बसवणाऱ्या कारागिरानं भिंतीवरचा अलार्मचा डबा उघडून पाहिला.

"चोरांनी अलार्मच्या रेडिओलहरी अडवल्या, आजोबा. दार उघडल्याचा निरोप डब्यापर्यंत पोचलाच नाही. पण लहरी अडल्या की हा बोंब मारतो. आज गप्प कसा बसला?"

आजोबांनी मान खाली घातली. सूनबाईनं पाळण्याशी बाळाचं रडणं ऐकवणारं यंत्र लावलं होतं. तेव्हापासून दोघांच्या लहरी एकमेकींच्या पायात पाय घालत. डबा उगाच ओरडे आणि नात दचकून उठे.

"लहरी अडल्याची ती सूचना मीच बंद केली."

"म्हणजे राखणदाराच्याच तोंडात बोळा कोंबलात! अहो, पाळण्याच्या यंत्राच्या लहरी बदलायला मला पाच मिनिटं लागली असती."

"मामंजी, चूक माझी आहे," सूनबाई पुटपुटली.

"नाही गं पोरी."

इतक्यात मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई पावती घेऊन दारात आल्या.

"आमच्या ह्यांचं घड्याळ झालं का हो? ते गेल्यापासून त्या टिकटिकीवरच झोप लागते मला."

आजोबांनी सवयीनं खण ओढला, आणि त्याच्या रिकाम्या तळावरून हात फिरवत राहिले.