रसिकाचं बेट आणि मी

मित्रांनो, डाव्या कानाशी माइकची दांडी असलेला मी एक जुना हेडफोन आहे. कारखान्याचं नाव खोक्यावर होतं, खोका रद्दीत गेला. शहाणपण आलं ते मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, रसिकाच्या कानांवर बसून.

रसिका अकरावीला. एका ऑनलाइन दुनियेत तिने वर्षभर खपून एक बेट वसवलं होतं. तळं, झुलता पूल, पाच खोल्यांचं घर. खरं घर वन आरके, म्हणून बेटावर हात सैल सोडलेला! लोक बेट बघायला येत आणि तिचा आवाज ऐकला की बेट विसरत. "अरे, लडकी है!" हे एका आठवड्यात मी चाळीसदा मोजलं, मग मोजणं सोडलं.

एके दिवशी कुणी मराठीत बोललं. "छान केलंय हो. गाव कोणतं तुमचं?"

आमच्याकडे दुकानात हिंदी, जिन्यात हिंदी. मराठी ऐकू आलं की माणूस आपलाच. तिचे बाबा, दशरथराव, दारात आलेल्या कुरिअरवाल्याचंही गाव विचारतात आणि आपलं सांगतात. रसिकानेही सांगितलं. गाव, आडनाव, वर सिल्व्हर पार्क.

दुसऱ्या दिवसापासून तो पुलावर उभा. "कॉलेज सुटलं का?" "बोलत नाहीस, राग आलाय?" तिने ब्लॉक केलं, तो नव्या नावाने आला. "मला काढतेस? मी भाईंदरचाच. सिल्व्हर पार्क काही लांब नाही."

माझ्या गाद्या घामाने भिजल्या. तिने बाबांना सांगितलं.

"पण तू बोललीसच कशाला त्याच्याशी?"

"त्याने गाव विचारलं, बाबा."

"म्हणून सांगायचं?"

"तुम्ही नाही सांगत?"

बाबांनी तिचं खातंच बंद करायला लावलं. बेट गेलं. त्या माणसाची तक्रार करायचं कुणालाच सुचलं नाही.

आता मी तिच्या भावाच्या, कौस्तुभच्या कानांवर असतो. 'लडका है' म्हणून त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. परवा त्याच्या खेळात तोच मऊ आवाज आला. "छान खेळता हो ताई. गाव कोणतं तुमचं?" पलीकडची मुलगी आनंदाने म्हणाली, "संगमेश्वर!"

कौस्तुभने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. मी ओळखला. पण मला दांडी आहे, जीभ नाही.

मित्रांनो, मला पुसा, वायर नीट गुंडाळा, असलं काही मी मागत नाही. कुणी घाबरून तुमच्याकडे आलं, तर 'तू बोललीसच कशाला' हे तेवढं विचारू नका. तो कोण, ते विचारा.