आत्याबाईंचं औषध

"सोडू नका वहिनी, पाय सोडू नका!" भाऊजी शेजारच्या सीटवरून ओरडत होते आणि स्वतःच पाय दाबत होते, जणू त्यांच्या बाजूलाही एक ॲक्सिलरेटर होता.

बाईंनी पाय सोडला नव्हताच. घाटाच्या पायथ्याशी, अगदी पहिल्या वळणावर, आत्याबाईंनी दोन आचके दिले, मागून निळसर धुराचा लोट सोडला आणि त्या रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाल्या. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला आणि जाताजाता "काकू, भंगारात द्या आता," असा फुकटचा सल्लाही दिला.

आत्याबाई म्हणजे गाडी. नाव बाईंच्या नवऱ्याने ठेवलेलं. त्यांचं म्हणणं, कुठे जायचं म्हटलं की ही आधी रुसून बसते, मग सगळ्यांना ताटकळत ठेवते, आणि एकदा निघाली की रस्ताभर हिचं तोंड बंद होत नाही. त्यांच्या सख्ख्या आत्याला हे कळलं तेव्हा मोठी पंचाईत झाली होती. गाडी इतकी जुनी की बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ती गवतात रुतून बसलेली होती. नवरा आणि भाऊजी, दोघा भावांनी मिळून ती उचलून आणली आणि सुट्ट्यांमागून सुट्ट्या खर्ची घालून उभी केली. धाकट्याचं बस डेपोत इंजिनं खोलण्यात आयुष्य गेलेलं. थोरला विमा कंपनीत कारकून, पण हातात पाना आला की साहेब.

आणि बाई? बाई सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभ्या राहून निवृत्त झाल्या. "दिवसातून दोनदा, जेवल्यानंतर." हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलं की गावाने त्यांचं नावच ‘जेवल्यानंतरबाई’ ठेवलं. बाजारात अनोळखी माणसं हात जोडून विचारत, "जेवल्यानंतर ना हो?" बाई मान डोलावत. त्यांना कधी बढती मिळाली नाही, बक्षीसही नाही. त्यांच्या हातून चुकीची बाटली कधी कुणाच्या हातात गेली नाही, पण न झालेल्या चुकीची बातमी कोण छापणार?

नवरा गेल्यावर गाडी शेडमध्ये झाकून पडली. मग एक दिवस बाईंनी ताडपत्री काढली आणि भाऊजींना म्हणाल्या, "मला शिकवा." नवऱ्याने त्यांना कधी चालवू दिली नव्हती. दरवर्षी जुन्या गाड्यांची घाटफेरी निघायची, तेव्हा बाई शेजारी थर्मास धरून बसायच्या. वयाच्या ज्या टप्प्यावर बायका गुडघ्यांना तेल चोळतात, त्या टप्प्यावर बाई मैदानात क्लच दाबायला शिकल्या. भाऊजी त्यांच्यावर ओरडायचे आणि त्या दुप्पट आवाजात भाऊजींवर ओरडायच्या. त्यातूनच त्यांना गाडी आली.

मुलाला हे अजिबात पसंत नव्हतं. एका हॉटेलवाल्याने गाडीवर डोळा ठेवला होता. त्याला ती दर्शनी दालनात मांडून ठेवायची होती. बॉनेटवर फुलांच्या कुंड्या ठेवणार म्हणे.

"कुंड्या?" बाई म्हणाल्या. "माझ्याच डोक्यावर का नाही ठेवत?"

"आई, कुठे तरी तू एकटी असताना ही बंद पडली तर मी काय करू?" मुलगा म्हणाला. मग बरीच बोलाचाली झाली, सून मध्ये पडली आणि शेवटी तह झाला. या रविवारच्या फेरीत गाडीने आपल्या पायांनी घाट चढला तर ती घरी राहील. दोर बांधून ओढून आणावी लागली, तर हॉटेलवाल्याला होकार. बाईंनी शब्द दिला. आणि आज, फेरीच्या आदल्या दिवशी, आत्याबाई पहिल्याच वळणावर झोपल्या होत्या.

गाडी ढकलत, थांबवत, थंड करत कशीबशी घरी आली. भाऊजींनी प्लग काढून हातावर घेतले. चारही काळेकुट्ट आणि तेलकट.

"हे असं कसं झालं?" ते पुटपुटले. मग त्यांनी टाकीखाली काचेची बरणी धरून थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडात बघितलं. जांभळं होतं. ढवळलेल्या सरबतासारखं.

भाऊजी हळूच बाईंकडे वळले. "वहिनी, औषध घातलंत?"

या औषधावरून दोघांची महिनाभर जुंपली होती. बाजारात पेट्रोलमध्ये घालायच्या निळ्या, लाल बाटल्या मिळतात. पूर्वी पेट्रोलात शिसं असायचं, ते गेलं, आता जुन्या इंजिनाच्या वाल्व्हला हे घातल्याशिवाय गत नाही, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. नवरा प्रत्येक वेळी टाकी भरली की मोठ्या भक्तिभावाने निळी बाटली ओतायचा. भाऊजींचं मत ठाम होतं. गरज नाही. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलात शिसं घालायची पद्धतच आली नव्हती. जी गोष्ट हिने तरुणपणी खाल्ली नाही, ती म्हातारपणी कशाला? नंतरच्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

"घातलं," बाई म्हणाल्या. "मापून घातलं. सिरिंजने. एक थेंब इकडे-तिकडे नाही. ते घालायचे, मग मी कशी नको घालू?"

"निळं?"

"निळं."

"मग हे जांभळं कसं?"

यावर भाऊजींनी स्वतःच स्वतःला उत्तर दिलं असावं, कारण ते एकदम खाली बसून चाकाचा नट घट्ट करायला लागले. तो घट्टच होता.

"भाऊजी."

"काय?"

"तुम्ही लाल घातलंत."

"थोडंसंच." भाऊजींनी मान वर केली नाही. "लागत नाही हे मला माहीत आहे, वहिनी. डेपोत मी हेच सगळ्यांना ओरडून सांगायचो. पण दादाची गाडी आहे. उद्या काही झालं असतं तर मनाला लागलं असतं, की आपण अडून बसलो म्हणून झालं."

बाईंना हसू आवरेना. महिनाभर हाच माणूस तावातावाने भांडत होता! पण भाऊजींनी बरणी नाकाशी नेली, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी पडली. "नाही. आपल्या दोघांचं मिळूनही एवढं तेल होत नाही. कुणीतरी अख्खी बाटली रिचवली आहे."

शेडच्या दारात मुलगा उभा होता. तो कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मीपण."

"काय मीपण?"

"पंपावरचा म्हणाला, जुन्या गाडीला हे अमृत आहे. मग मी ओतली. पूर्ण."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुला तर गाडी द्यायची होती ना रे?"

"द्यायचीच होती." मुलगा चपलेने फरशी खरवडत होता. दोन लेकरांचा बाप, बँकेत अधिकारी, पण उभा राहिला होता काच फोडल्यासारखा. "गाडी गेली तरी चालेल. पण सगळ्यांसमोर तू हरून परत यायला नको होतीस."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी त्यांना संतापही आला, तो स्वतःचा. जन्मभर खिडकीतून त्या एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आल्या होत्या. दोन डॉक्टरांची औषधं एकमेकांना न सांगता एकत्र घेऊ नका. लोक घ्यायचेच. एकाच्या गोळ्या उशीखाली, दुसऱ्याच्या डब्यात, आणि वर शेजारणीचा काढा. मग पिवळे पडून परत यायचे. आणि आज त्यांच्याच घरात, त्यांच्याच नाकाखाली, तीन वैद्यांनी मिळून एका म्हातारीला आडवं केलं होतं.

"टाकी रिकामी करा," बाई म्हणाल्या. आवाज खिडकीतलाच होता.

भाऊजींनी टाकी धुतली, प्लग घासून लखलखीत केले. रबरी नळ्या दाबून बघितल्या तर एक लोण्यासारखी मऊ झाली होती. "बघा. आजच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळतात, ते हे रबर खातं. चिंता करायची तर याची करावी," असं म्हणत त्यांनी ती बदलली. मुलगा बाह्या सरसावून बादल्या धरत होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली आणि त्याने तक्रार केली नाही.

पंपावर ताजं, साधं पेट्रोल भरलं. टाकीचं झाकण बाईंच्या हातात होतं आणि त्यांच्याने ते लावलं जाईना. इतकी वर्षं याच क्षणी निळी बाटली तिरपी व्हायची. न घालता झाकण लावणं म्हणजे नवऱ्याचा हात गाडीवरून आपणच उचलून बाजूला ठेवणं, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

"दादाला माहीत होतं," भाऊजी हलकेच म्हणाले. "मी त्याला दहादा सांगितलं होतं. तो म्हणायचा, गाडीला नको असेल रे, मला हवं आहे. घाटाची भीती वाटायची त्याला. दरवर्षी."

"त्यांना?" दरवर्षी शेजारी थर्मास धरून बसणाऱ्या बाईंना ती भीती कधीच दिसली नव्हती. मग त्यांनी झाकण लावलं आणि दोनदा फिरवून घट्ट केलं.

रविवारी सकाळी गाड्या रांगेने निघाल्या. पहिलं वळण आलं. भाऊजींनी श्वास रोखला. आत्याबाई वळण घेऊन, तोंडाचा पट्टा चालू ठेवून, सरळ वर गेल्या. दुसरं वळण. तिसरं. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा, की भाऊजींनी बॉनेटकडे कान लावायचं सोडलं आणि चक्क झाडं बघायला लागले. धुराचा मागमूस नव्हता.

शेवटच्या चढावर, जिथे रस्ता अगदी उभा आहे, तिथे पुढे एक बस आडवी होऊन अडकली. सगळे थांबले. बाईंनाही थांबावं लागलं. या गाडीला चढावर उभं करून पुन्हा हलवायची म्हणजे एका पायात क्लच, दुसऱ्यात पेट्रोल आणि हातात हँडब्रेक, आणि तिघांनी एकाच वेळी एकमेकांचं ऐकायचं. जराही घोळ झाला की गाडी मागे घसरणार. आणि मागे, अगदी पाठीला लागून, सोबतीला निघालेल्या मुलाची नवी कोरी गाडी होती.

भाऊजींनी खिडकीतून मान काढली. "मागे घे रे! जागा दे!"

मुलगा हलला नाही. नुसता हात वर केला, असू दे म्हणून.

बस हलली. बाईंनी पहिला गिअर टाकला. त्यांना भीती वाटत होती आणि तेवढाच आनंदही होत होता. असा आनंद खिडकीमागे कधी झाला नव्हता. त्यांनी क्लच हळूहळू सोडला, इंजिन थोडं खाली बसलं, बाईंनी थोडं पेट्रोल दिलं, आणखी थोडं. गाडी ओढ घ्यायला लागली तेव्हा त्यांनी हँडब्रेक सोडला.

एक बोटभरही मागे नाही. आत्याबाई उठल्या आणि चालू लागल्या.

"वहिनी!" भाऊजी ओरडले. बाई मात्र मोठमोठ्याने हसत होत्या आणि हसता हसता दुसरा गिअर टाकत होत्या.

माथ्यावर लोक टाळ्या वाजवत होते. भाऊजी उतरले आणि डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटले की धूर गेला. बाई स्टिअरिंग धरून बसून राहिल्या.

मुलगा खिडकीपाशी आला. "हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं."

"एवढ्यात?"

"तू बसच्या मागे थांबली होतीस, तेव्हाच."

"आणि मी घसरले असते तर?"

मुलाने खिशात हात घातला. स्वतःच्या गाडीची किल्ली काकांच्या हातात दिली, आत्याबाईंचं मागचं दार उघडलं आणि आत शिरून बसला.

"अरे, पुढे बस की."

"नको. इथेच बरं आहे."

उतार सुरू झाला. वारा गार होता. काही वळणांनंतर बाईंनी आरशात पाहिलं. टक्कल पडू लागलेलं ते डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं, आणि तो गाढ झोपला होता. पुढे आंधळं वळण होतं. बाईंचा हात हॉर्नकडे गेला आणि परत आला. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, कडेला घेतली, आणि अगदी हळू, त्याला धक्का लागणार नाही अशी, वळवली.