शून्य पतंगांचे दिवस

मी एक जुना सापळा आहे, मित्रांनो. पण उंदरांचा नव्हे, पतंगांचा. डोक्यावर पिवळे झाकण, खाली हिरवे नरसाळे आणि त्याला बांधलेली प्लास्टिकची लांब पिशवी, असा माझा अवतार. झाकणाखाली एक रबरी गोळी बसवतात. तिला बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो. त्याला भुलून नर पतंग येतात आणि थेट माझ्या पोटात जातात.

कपाशीच्या शेतात मला काठीला बांधले ते शेताच्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकींनी. रोज सकाळी त्या पिशवी सोडत, पतंग मोजत आणि कॅलेंडरवर आकडा लिहीत. दोन. तीन. पाच. "सलग तीन दिवस आठ निघाले की फवारायचं," असे त्या धाकट्या दिराला बजावत. बोंडअळीची पहिली पिढी थोडकी असते; पण महिन्याभरात तिची पिल्ले पंख फुटून परततात, तीही कितीतरी पटींनी. म्हणून काकी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत. पहिल्या वेचणीच्या कापसाची गादी त्यांना येणाऱ्या नातवंडासाठी भरायची होती.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी काकी दीड महिना तिच्याकडे गेल्या. मोजणी दिराकडे आली. माणूस प्रामाणिक, एक सकाळ चुकवली नाही. पण गोळीचा वास महिन्याभरात विरतो, ती बदलावी लागते, हे सांगायचे घाईत राहून गेले. नव्या गोळ्यांचे पाकीट कपाटातच पडून राहिले.

आकडे उतरू लागले. चार, एक, शून्य.

"वहिनी, निवांत राहा! आठवडा झाला, एक पतंग नाही. गुणाचा आहे हो तुमचा सापळा," तो फोनवर सांगे आणि माझ्या झाकणावर थाप मारी. खरे सांगू? मला ती थाप आवडायची. पतंग तर माझ्या डोक्यावरून खुशाल बोंडांकडे जात होते. मला सगळे दिसत होते, पण मला तोंड आहे ते फक्त गिळायला.

काकी परतल्या त्या तडक शेतात आल्या. एक हिरवेगार बोंड त्यांनी नखाने उकलले. आत गुलाबी अळी. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.

"भावजी, गोळी कधी बदललीत?"

"कसली गोळी?"

काकींनी उकललेले बोंड त्याच्या हातात ठेवले. "मीच सांगायला विसरले," एवढेच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

वेचणीला कापूस निघाला तो पिवळा, गाठाळ. नातीची गादी जुनाच कापूस पिंजून भरली.

आता मी पडवीतल्या खुंटीला टांगलेला आहे. माझ्या झाकणावर दिराने ठळक अक्षरांत गोळी बदलायची तारीख लिहिली आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी रिकामा दिसला तर शाबासकी देण्याआधी एकदा झाकण उघडून पाहा. दीड महिना मला रोज कोणीतरी मोजत होते, पण माझ्यात वास उरला आहे का, हे कोणीच पाहिले नाही.